यष्टीमागची एकच जागा

कल्याणच्या पुढे कर्जतकडे जाणारी लोकल विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्थानकं घेत वांगणीला पोचते. तिथून थोडं पुढे ठाणे जिल्हा संपून रायगड लागतो. प्रवाशाला या हद्दीशी काही कर्तव्य नसतं, पण क्रिकेट खेळणाऱ्या पोराला असतं. ठाणे जिल्हा मुंबई क्रिकेट असोसिएशनकडे आहे, तर रायगड पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे. त्यामुळे बदलापूरचा मुलगा मुंबईच्या निवड चाचणीला जातो आणि नेरळचा मुलगा महाराष्ट्राच्या. गाडी एकच, डबाही कदाचित एकच, पण दोघांच्या पुढे उभ्या असलेल्या रांगा वेगळ्या.

मुंबईची रांग किती लांब असते, हे कल्याणच्या तुषार देशपांडेच्या गोष्टीवरून कळतं. शाळकरी वयात तो शिवाजी पार्क जिमखान्यावर निवडीसाठी गेला तो फलंदाज होण्याच्या इराद्याने. पॅड बांधून बसलेल्यांची गर्दी त्याने पाहिली, शेजारची गोलंदाजांची रांग बरीच आखूड दिसली, आणि तो तिकडे जाऊन उभा राहिला. जुलै 2024 मध्ये हरारेला तो भारताकडून ट्वेंटी-20 खेळला तो गोलंदाज म्हणूनच. त्याआधी फेब्रुवारीत बडोद्याविरुद्धच्या रणजी सामन्यात त्याने अकराव्या क्रमांकावर येऊन 123 धावा केल्या होत्या आणि दहाव्या क्रमांकाच्या तनुष कोटियनने नाबाद 120. शेवटच्या जोडीतल्या दोघांचीही शतकं! सोडलेल्या रांगेचं कर्ज त्याने असं व्याजासकट फेडलं.

रांग बदलण्याची ही सोय गोलंदाजाला आहे, फलंदाजालाही आहे. सलामीला जागा नसेल तर पाचव्या क्रमांकावर खेळता येतं आणि तिसरा वेगवान गोलंदाज चौथा होऊन संघात राहू शकतो. यष्टिरक्षकाला मात्र अशी वाट नाही. अकरा जणांत ग्लोव्हज एकाच्याच हातात असतात. तो तंदुरुस्त असेपर्यंत दुसरा कीपर पाण्याच्या बाटल्या नेतो, सामन्याआधी कॅचिंग देतो आणि वाट पाहतो.

‘यूएसए’ म्हटलं की उल्हासनगरात ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा जुना विनोद अजून चालतो. खऱ्या यूएसएमधल्या फुटबॉलमध्ये हीच अवस्था क्वार्टरबॅकची असते. चेंडू हातात घेऊन चाल रचणारा हा खेळाडू मैदानावर एकच असतो, आणि त्याचा राखीव गडी वर्षानुवर्षं बाकावर बसलेला असतो. मॅट कॅसल विद्यापीठातही राखीव होता आणि न्यू इंग्लंड संघात टॉम ब्रेडीच्या मागेही राखीवच होता. 2008 च्या मोसमातल्या पहिल्याच सामन्यात ब्रेडीचा गुडघा गेला, कॅसल मैदानात उतरला आणि संघाने त्या मोसमात 11 सामने जिंकले. पुढच्याच वर्षी कॅन्सस सिटीने त्याला आपला मुख्य क्वार्टरबॅक म्हणून नेलं. मॅट फ्लिनची गोष्ट याच्या उलट आहे. ग्रीन बेचा हा राखीव खेळाडू 1 जानेवारी 2012 रोजी एका सामन्यात 480 यार्ड आणि 6 टचडाऊन फेकून गेला. त्या एका दिवसाच्या पुण्याईवर सिएटलने त्याला घेतलं, पण सराव शिबिरात रसेल विल्सन नावाच्या नवख्या मुलाने ती जागा पटकावली. म्हणजे दुसरीकडे गेलं की जागा मिळतेच असं तिथेही नाही.

मुंबईच्या क्रिकेटला ही गोष्ट अमेरिकेकडून शिकायची गरज पडली नाही. तिथे ती 1950 च्या दशकातच घडत होती.

त्या काळी मुंबईच्या यष्टीमागे नरेन ताम्हाणे होते. सुभाष गुप्तेंच्या लेगस्पिनला आणि गुगलीला शांतपणे सामोरे जाणारे, उगाच उड्या न मारणारे हे यष्टिरक्षक भारताकडून 21 कसोटी खेळले. फलंदाजीत त्यांच्या नावावर सगळ्या मिळून 225 धावा. त्या जमान्यात कीपरकडून धावांची अपेक्षाही कोणी करत नसे. झेल धरले, यष्टिचीत केले की काम झालं. ताम्हाणे उभे असताना मुंबईच्या संघात दुसऱ्या कीपरला वाव नव्हता. आणि तो संघ म्हणजे 1958-59 पासून 1972-73 पर्यंत सलग 15 वेळा रणजी चषक जिंकणारा संघ! जिंकणाऱ्या संघात बदल करायला निवड समितीला कारण लागतं, आणि ते वर्षानुवर्षं मिळत नाही.

बुधीसागर कृष्णप्पा कुंदरन याच रांगेत उभा होता. जन्म 1939 चा, कर्नाटकातल्या मुल्कीचा, पण वाढला मुंबईत. घरात माणसं जास्त आणि खोली एकच, म्हणून पहिल्या कसोटीच्या आदल्या रात्री तो घराजवळच्या बागेत जाऊन झोपला, अशी गोष्ट त्याच्याबद्दल सांगितली जाते. ज्याची जागा घेतली त्या ताम्हाण्यांचेच ग्लोव्हज मागून आणून तो खेळला, हीही त्याच गोष्टीची शेपटी. ती कसोटी 1 जानेवारी 1960 रोजी ब्रेबॉर्न स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध सुरू झाली. गंमत अशी की तोवर कुंदरन रणजी चषकाचा एकही सामना खेळला नव्हता. देशाच्या संघात जागा होती, मुंबईच्या नव्हती.

मग तो रेल्वेकडे गेला. रेल्वेचा संघ 1958-59 मध्येच रणजीत उतरला होता, त्याला माणसं हवी होती, आणि खेळाडूला नोकरी हवी होती. रणजीतल्या पहिल्याच सामन्यात कुंदरनने जम्मू-काश्मीरविरुद्ध 205 धावा काढल्या. राज्याने ठेवून घेतला नाही म्हणून रेल्वेकडे गेलेला हा बहुधा सगळ्यात ठळक खेळाडू, आणि मुंबईहून ‘दुसरीकडे’ जाण्याच्या प्रथेचा इतिहास लिहायचा तर सुरुवात त्याच्यापासूनच करावी लागेल.

रेल्वेच्या नोकरीचं मोल कल्याण-कर्जत पट्ट्यात समजावून सांगावं लागत नाही. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी होती, विमकोचा काडेपेटीचा कारखाना होता, आणि मध्य रेल्वे तर दारातच होती. खेळाच्या जोरावर सरकारी किंवा कंपनीची नोकरी लागली की आईवडिलांच्या लेखी मुलगा मार्गी लागला. टाइम्स शील्डसारख्या स्पर्धांत कार्यालयांचे आणि गिरण्यांचे संघ खेळत. त्या काळात क्रिकेटपटूचा पगार क्रिकेटमधून येत नसे, कचेरीतून येत असे. म्हणून संघ बदलणं म्हणजे बऱ्याचदा मालक बदलणं असे, आणि निर्णय घेताना धावफलकाइतकाच भविष्यनिर्वाह निधीचाही विचार होई.

कुंदरनच्या पहिल्या कसोटीत नाणेफेकीला गेलेला भारताचा कर्णधार होता गुलाबराय रामचंद. कराचीत जन्मलेला हा सिंधी अष्टपैलू आधी सिंधकडून रणजी खेळला होता. फाळणी झाली आणि पाकिस्तानात गेलेला सिंधचा संघ या स्पर्धेतून नाहीसा झाला. रामचंद मुंबईकडे आला, 33 कसोटी खेळला आणि डिसेंबर 1959 मध्ये कानपूरला जसू पटेलच्या 14 बळींच्या जोरावर भारताने ऑस्ट्रेलियाला पहिल्यांदा हरवलं तेव्हा तोच कर्णधार होता. सिंधकडूनच खेळलेला पननमल पंजाबी पुढे गुजरातचा सलामीवीर झाला आणि 1954-55 मध्ये पाकिस्तानच्या दौऱ्यावर गेला. गोगुमल किशनचंदही कराचीचाच. 1947 च्या नोव्हेंबरात सिडनीला डॉन ब्रॅडमनने प्रथम श्रेणीतलं शंभरावं शतक पुरं केलं ती धाव किशनचंदच्या चेंडूवर घेतलेली होती. तोही आपलं बरंचसं क्रिकेट सिंधबाहेर, गुजरात आणि बडोद्याकडून खेळला.

याच सुमाराला कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांची गर्दी होत होती. 8 ऑगस्ट 1949 रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते त्या वस्तीच्या नगराची कोनशिला बसवली गेली आणि उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर हे नाव मिळालं. बराकींचे कॅम्प एक ते पाच हे आकडे आजही पत्त्यात टिकून आहेत. रामचंद काही कॅम्पात राहिलेला नव्हता. पण आपली वस्ती मागे टाकून आलेल्या माणसांच्या पोरांना, ज्याचा संघच नाहीसा झाला असा एक माणूस भारताचा कर्णधार झालेला दिसत होता. हे सगळे ‘दुसरीकडे’ गेले ते निवड समितीमुळे नव्हे, सरहद्दीमुळे. कुंदरनची गोष्ट यांच्या शेजारी ठेवली की दोन्हीतला फरक दिसतो. मुंबई जागेवरच होती. तिने त्याला फक्त रांगेत उभं ठेवलं.

कुंदरनच्या नशिबात पुढेही रांगच होती. ताम्हाणे बाजूला झाले तोवर मुंबईचाच फारुख इंजिनिअर आला. 1961 मध्ये कानपूरला इंजिनिअरने कसोटी पदार्पण केलं, आणि पुढची काही वर्षं या दोघांची ये-जा चालू राहिली. 1963-64 मध्ये इंग्लंडविरुद्धची मालिका कुंदरनच्या वाट्याला आली तेव्हा त्याने मद्रासला 192 धावा काढल्या, त्यातल्या 170 पहिल्याच दिवशी. मालिकेत एकूण 525. भारतीय यष्टिरक्षकाची कसोटीतली ही सर्वोच्च खेळी पुढे 49 वर्षं टिकली. फेब्रुवारी 2013 मध्ये त्याच शहरात महेंद्रसिंग धोनीने 224 काढल्या तेव्हा ती मागे पडली. एवढं करूनही जागा पक्की झाली नाही. 1966 च्या डिसेंबरात मुंबईत वेस्ट इंडिजविरुद्ध त्याने 79 धावा केल्या, आणि त्याच मालिकेत मद्रासला इंजिनिअर परतला. त्याने उपाहाराआधी 94 धावा कुटल्या आणि वादच मिटवला. 1967 मध्ये बर्मिंगहॅमला कुंदरन संघात होता तो कीपर म्हणून नव्हे. फलंदाजीची सुरुवात त्याने केलीच, शिवाय गोलंदाजीचीही.

रेल्वेनंतर कुंदरन म्हैसूरकडून खेळला आणि मग थेट स्कॉटलंडला गेला. तिथे ड्रमपेलियर क्लबकडून खेळला, पुढे स्कॉटलंडच्या संघातही त्याला जागा मिळाली. 2006 मध्ये ग्लासगोला तो वारला. 18 कसोटी, 981 धावा. आजच्या निकषांनी पाहिलं तर तो काळाच्या पुढचा कीपर होता. त्याच्या काळाने त्याला इंजिनिअरचा पर्याय म्हणूनच वापरलं, आणि हा निवडीचा दोष होता असं म्हणायला हरकत नाही.

दुसरीकडे जाण्याला मर्यादा आहे, ती पद्माकर शिवलकरांकडे पाहिलं की कळते. मुंबईत ते पहिल्या पसंतीचे डावखुरे फिरकीपटू होते. 1972-73 च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर त्यांनी तमिळनाडूचे 8 गडी 16 धावांत बाद केले होते. 124 प्रथम श्रेणी सामने, 589 बळी. पण भारताच्या संघात बिशनसिंग बेदी होते, आणि भारत सोडून दुसऱ्या भारताकडे जाता येत नाही. हरयाणाचे राजिंदर गोयल रणजीत 637 बळी घेऊन त्याच बाकावर बसले. राज्याच्या संघातल्या राखीवाला वाट असते, देशाच्या राखीवाला नसते. मार्च 2025 मध्ये शिवलकर गेले तेव्हा लिहिल्या गेलेल्या प्रत्येक लेखात बेदींचं नाव होतं.

मुंबई सोडण्याला मुंबईत फार काळ बरं म्हणत नसत. इथल्या खडूस वळणात संघासाठी थांबणं हा गुण मानला जाई, आणि सोडून जाणाऱ्याबद्दल ‘इथे जमलं नाही’ असं बोललं जाई. रमाकांत आचरेकर सरांच्या शिष्यांनी ही समजूत मोडीत काढली. प्रवीण आमरे रेल्वे, राजस्थान, बंगाल असे संघ फिरला आणि 1992 मध्ये डर्बनला पहिल्याच कसोटीत त्याने शतक ठोकलं. अमोल मुजुमदारने 1994 मध्ये हरयाणाविरुद्ध पदार्पणात 260 धावा काढल्या, 2006-07 मध्ये मुंबईला रणजी जिंकून दिली, आणि नंतर तो आसाम आणि आंध्रकडे गेला.

कीपरांपुरतं बोलायचं तर या पिढीतला मोठा माणूस चंद्रकांत पंडित. 1986 मध्ये लीड्सला त्याने कसोटी पदार्पण केलं ते फलंदाज म्हणून, कारण यष्टीमागे किरण मोरे होता. भारतासाठी तो 5 कसोटी खेळला. मोरेची छाया त्याच्या सगळ्या कारकिर्दीवर राहिली. मुंबईनंतर पंडित आसाम आणि मध्य प्रदेशकडून खेळला. 1998-99 च्या अंतिम फेरीत बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर तो मध्य प्रदेशचा कर्णधार होता. कर्नाटकाविरुद्ध पहिल्या डावात आघाडी घेऊनही संघ 96 धावांनी हरला. पुढे प्रशिक्षक म्हणून त्याने विदर्भाला 2017-18 आणि 2018-19 अशी लागोपाठ दोन वर्षं रणजी मिळवून दिली. त्या संघात मुंबईहून आलेला वसीम जाफर होता, दुसऱ्या मोसमात हजारावर धावा काढणारा. आणि 26 जून 2022 रोजी, त्याच चिन्नास्वामीवर, पंडितच्या मध्य प्रदेशने मुंबईला 6 गड्यांनी हरवलं. मुंबईचा प्रशिक्षक होता अमोल मुजुमदार. दोन्ही तंबूंत एकेकाळी मुंबई सोडून गेलेला माणूस बसला होता, हे त्या अंतिम सामन्याचं खरं वैशिष्ट्य. मुजुमदारचा पुढचा अध्याय तर ठाऊकच आहे. 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक तोच होता, भारताकडून एकही सामना न खेळलेला.

उलटा प्रवासही झाला आहे. विनायक सामंत आधी आसामकडून खेळला, मग मुंबईच्या यष्टीमागे आला आणि 2018 मध्ये मुंबईचा प्रशिक्षक झाला. पण बाहेर जाणंही थांबलं नाही. कीपर एकनाथ केरकर मुंबईकडून थोडे सामने खेळून गोव्याला गेला. आणि ज्याच्या नेतृत्वाखाली मुंबईने 2015-16 ची रणजी जिंकली तो कीपर आदित्य तरेही शेवटी उत्तराखंडचा झाला. अर्जुन तेंडुलकरने 2022 मध्ये गोवा गाठला आणि तिथल्या पहिल्याच रणजी सामन्यात शतक काढलं, तेव्हा तर जाण्यात काही वावगं आहे असं म्हणणारं कोणी उरलं नाही. या प्रवासाचा कागद म्हणजे आपल्या असोसिएशनचं ना हरकत प्रमाणपत्र, मैदानावरच्या भाषेत एनओसी. ती मिळाली तरी दार सताड उघडं नसतं. एका राज्य संघाला बाहेरचे तीनच व्यावसायिक खेळाडू घेता येतात.

आयपीएल 2008 मध्ये आठ संघांनी सुरू झाली, आता दहा आहेत. म्हणजे कीपरांच्या दहा जागा, आणि त्यांना जिल्ह्याची हद्द नाही. अमरावतीच्या जितेश शर्माचं नशीब इथेच उघडलं. विदर्भाच्या रणजी संघात कर्णधार अक्षय वाडकर स्वतःच कीपर, त्यामुळे जितेशला लांब पल्ल्याच्या सामन्यात बाहेर बसावं लागे. 2024-25 मध्ये विदर्भाने रणजी जिंकली, त्या मोसमात तो एकही रणजी सामना खेळला नाही. पण ऑक्टोबर 2023 मध्येच तो हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारताकडून ट्वेंटी-20 खेळला होता. 27 मे 2025 रोजी लखनौला त्याने बंगळुरूसाठी 33 चेंडूंत नाबाद 85 धावा करून सामना काढून दिला, आणि बंगळुरूने पहिल्यांदा आयपीएल जिंकली. त्यानंतर तो विदर्भ सोडून बडोद्याला गेला. राज्याच्या संघात राखीव आणि देशाच्या संघात खेळाडू, ही कुंदरनची स्थिती 60 वर्षांनी अमरावतीच्या मुलाच्या वाट्याला आली होती.

कुंदरन, पंडित, तरे, जितेश या सगळ्यांना दुसरीकडे जागा मिळाली ती ग्लोव्हजमुळे कमी आणि बॅटमुळे जास्त. बाहेरच्या तीनच खेळाडूंची मुभा असताना कोणतंही राज्य नुसत्या झेलांसाठी त्यातली एक जागा खर्चत नाही. झेल धरणारा मुलगा त्यांना घरच्या घरी सापडतो. ताम्हाण्यांसारखा निव्वळ उत्तम यष्टिरक्षक आज मुंबईत राखीव राहिला, तर त्याला बोलावणं येण्याची शक्यता फार थोडी आहे. हे न्याय्य नाही, कारण यष्टीमागची कला ही स्वतंत्र कला आहे. पण बाजार असाच आहे.

उल्हासनगरच्या गोल मैदानापासून बदलापूरपर्यंत दर रविवारी क्रिकेट चालतं. मुंबईच्या क्लबच्या सरावाला जायचं तर पहाटेची लोकल, जाता-येता चार तास, किट खांद्यावर आणि दारातल्या गर्दीत त्या किटवरून होणारी वादावादी, हे सगळं घरच्यांना पाठ असतं. सरावात कीपरला कॅचिंगला उभं करतात, गोलंदाजांच्या मागे धाडतात, आणि अंधार पडायला आला की शेवटची दहा मिनिटं बॅट हातात देतात. घरात ग्लोव्हज घालणारं पोर असेल, तर नेटमध्ये त्याला फलंदाजीची पूर्ण पाळी मिळते का, हे येत्या रविवारी स्वतः जाऊन पाहा. मिळत नसेल, तर प्रशिक्षकाशी बोला.